नकाशा, तारे आणि शॉर्टवेव्ह : नॅव्हिगेटर आणि हॅम कर्टिस लेमे

ध्रुवतारा (धागाकर्ता)

कर्टिस लेमे म्हटलं की दोन चित्रं डोळ्यांपुढे येतात. एक, मार्च १९४५ मध्ये टोकियो जाळायचा हुकूम देणारा सेनापती. दुसरं, शीतयुद्धात अण्वस्त्रं वाहणारी बॉम्बर विमानं सदैव सज्ज ठेवणारा, तोंडात सिगार असलेला जनरल. दोन्ही खरी आहेत आणि त्यातलं पहिलं कुणी विसरावं असं मी म्हणणार नाही. पण या माणसाच्या आयुष्यातल्या दोन गोष्टींबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. तो त्याच्या काळातला फार वरच्या दर्जाचा नॅव्हिगेटर (विमानाची वाट काढणारा) होता, आणि तो हॅम, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणारा, होता. मला हे दोन्ही विषय जिवापाड आवडतात, म्हणून हा धागा.

जन्म १५ नोव्हेंबर १९०६, ओहायोतलं कोलंबस. ओहायो स्टेट विद्यापीठात सिव्हिल इंजिनिअरिंग, मग लष्कराच्या एअर कोअरमध्ये वैमानिक आणि मिशिगनच्या सेल्फ्रिज फील्डवर लढाऊ विमानांची स्क्वाड्रन. (अमेरिकेचं स्वतंत्र हवाई दल १९४७ मध्ये झालं, तोवर सगळं लष्कराकडेच.) त्या काळचा वैमानिक खाली बघून वाट शोधायचा. रेल्वेचे रूळ धरायचे, नदी धरायची, ढग आले की मिळेल तिथे उतरायचं. समुद्रावर किनारा दिसेनासा झाला की सगळा आधार संपला.

हे बदलायला एअर कोअरने हॅरॉल्ड गॅटी नावाचा माणूस आणला. गॅटी टास्मानियाचा. १९३१ मध्ये वैमानिक वायली पोस्टबरोबर ८ दिवस १५ तास ५१ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा झाली तेव्हा विमानाची वाट काढत होता तो हाच. त्याच्या वर्गात लँग्ली फील्डवर लेमे बसला आणि पुढे हवाईला बदली झाल्यावर त्याने स्वतःच नॅव्हिगेशनचे वर्ग चालवले. लढाऊ विमानांतून बॉम्बरकडे तो वळला त्याचं मोठं कारण हेच असावं असं मला वाटतं. छोट्या विमानात नकाशा उलगडायलाही जागा नसते.

आता मुख्य किस्से.

ऑगस्ट १९३७. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे नौदल आणि एअर कोअरचा संयुक्त सराव. 'युटा' ही जुनी युद्धनौका समुद्रात कुठेतरी असणार, तिची जागा नौदल रेडिओवरून कळवणार, बी-१७ बॉम्बर विमानांनी तिला शोधून पाण्याने भरलेले बॉम्ब टाकायचे. मुदत दुपारी बारा ते दुसऱ्या दिवशी दुपारी बारा. पहिल्या दिवशी लेमेने सांगितलेल्या ठिकाणी विमानं नेली, खाली फक्त धुकं आणि पाणी. परतताना अंधार पडला तसे त्याने तारे घेतले, गणित केलं. स्वतःची जागा बरोबर निघाली. म्हणजे चूक कळवलेल्या आकड्यात होती. रॉबर्ट ओल्ड्स हे त्याचे वरिष्ठ. त्यांना हा तरुण अधिकारी स्पष्ट सांगतो की आपण बरोबर जागी होतो, जहाज तिथे नव्हतं. नंतर कळलं की नौदलाच्या संदेशात एका अंशाची चूक होती. एक अंश अक्षांश म्हणजे ६० सागरी मैल. दुसऱ्या दिवशी मुदत संपायला काही मिनिटं उरली असताना 'युटा' सापडली आणि डेकवर पाण्याचे बॉम्ब पडले.

पुढच्या फेब्रुवारीत सहा बी-१७ ब्युनोस आयर्सपर्यंत गेली, त्यातही नॅव्हिगेशन त्याच्याकडे होतं.

आणि मग १२ मे १९३८. इटलीचं 'रेक्स' हे प्रचंड प्रवासी जहाज न्यूयॉर्ककडे येत होतं. तीन बी-१७ नी ते भर अटलांटिकमध्ये, किनाऱ्यापासून सहाशेहून अधिक मैलांवर गाठायचं, असं ठरलं. एका विमानात एनबीसी रेडिओची माणसं होती, अमेरिकाभर थेट प्रक्षेपण. हवा वाईट. त्यात सकाळी कळलं की जहाज अंदाजापेक्षा लांब आहे. लेमेने उड्डाणाआधीच गणित करून वेळ सांगितली होती : १२ वाजून २५ मिनिटं. वादळी ढगांतून, समोरच्या वाऱ्यातून जाताना तो पुन्हा पुन्हा वारा मोजत राहिला आणि आकडे दुरुस्त करत राहिला. विमानं ढगातून बाहेर आली तेव्हा १२:२५ ला 'रेक्स' नाकासमोर होतं. जॉर्ज गॉडर्डने काढलेला फोटो प्रसिद्ध आहे, जहाजाच्या धुराड्यांच्या उंचीवर दोन बी-१७.

ही जादू नव्हती. ज्ञात ठिकाणापासून निघायचं. कंपासची दिशा, हवेतला वेग आणि गेलेला वेळ यांवरून आपण कुठे असू ते नकाशावर मांडायचं. याला डेड रेकनिंग म्हणतात. घोळ घालतो तो वारा. २०० मैल वेगाच्या विमानाला ३० मैलांचा आडवा वारा लागला तर तीन तासांत ते ९० मैल बाजूला सरकतं, आणि आत बसलेल्या कुणालाही ते जाणवत नाही. सरकणारं जहाज, सरकणारं विमान आणि न दिसणारा वारा, या तिन्हींचा मेळ पेन्सिलीने घालायचा होता.

हॅमचा भाग प्रतिसादांत लिहितो. इथे कुणी हॅम असतील तर त्यांनीच सुरुवात करावी.

---

मीनल_त

मस्त! रेक्सचा किस्सा वाचताना श्वास रोखला गेला. एक प्रश्न : 'तारे घेतले' म्हणजे नक्की काय करतात? हलत्या विमानात क्षितिज तरी कुठे दिसतं?

---

खिडकीतला_नॅव्ह

मीनलताई, हा प्रश्न माझ्या पेशाचा. मी हवाई दलात नॅव्हिगेटर होतो, आता पुण्यात निवृत्त आयुष्य जगतो आहे.

जहाजावरचा सेक्स्टंट समुद्राचं क्षितिज वापरतो. विमानातल्या सेक्स्टंटमध्ये क्षितिजाऐवजी पाणसळीसारखा एक बुडबुडा असतो. आयपीसमध्ये डोळा लावायचा, चाक फिरवत तारा त्या बुडबुड्याच्या मधोमध आणायचा आणि तिथे धरून ठेवायचा. विमान जरासं डोललं तरी बुडबुडा पळतो. म्हणून एकच वाचन घेत नाहीत, साधारण दोन मिनिटं धरून ठेवायचं आणि यंत्र त्याची सरासरी काढतं. ही दोन मिनिटं पायलटने विमान शहाण्यासारखं सरळ ठेवायचं असतं. सगळ्या नॅव्हिगेटरांचं पायलटांशी पहिलं भांडण यावरूनच झालेलं असतं.

गणित उलटं असतं. आपण अमुक ठिकाणी आहोत असं आधी धरायचं. त्या ठिकाणावरून, त्या सेकंदाला, तो तारा किती उंचीवर दिसायला हवा ते पंचांगातून काढायचं (एअर अल्मनॅक). प्रत्यक्षात दिसलेली उंची आणि ही उंची यांत जितक्या कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक, तितके सागरी मैल तुम्ही ताऱ्याकडे किंवा ताऱ्यापासून लांब. त्यातून नकाशावर एक रेघ मिळते, जागा नाही. दुसरा तारा, दुसरी रेघ. तिसरा तारा घेतला की तीन रेघांचा लहानसा त्रिकोण होतो आणि त्या त्रिकोणात कुठेतरी तुम्ही असता. त्रिकोण जितका छोटा तितकी झोप शांत. घड्याळ चार सेकंद चुकलं तर विषुववृत्तावर एक सागरी मैल चुकतो, त्यामुळे घड्याळाला आम्ही फार जपायचो.

आणि हे सगळं होईपर्यंत विमान पुढे गेलेलं असतं. म्हणजे तुम्हाला मिळते ती मघाची जागा. आत्ताची जागा पुन्हा वाऱ्याचा हिशोब करूनच काढायची. लेमेने त्या रात्री परतताना हेच केलं असणार. 'मी बरोबर होतो' असं वरिष्ठांना सांगायला या आकड्यांवर किती भरवसा लागतो ते ज्याने सेक्स्टंट धरलाय त्यालाच कळेल.

---

ध्रुवतारा

काका, तुमचा प्रतिसाद म्हणजे या धाग्याचं भाग्य. तुम्ही कुठल्या विमानांवर होतात? सांगता येण्यासारखं असेल तर जरूर लिहा.

---

खरखर

हॅमची बाजू मी घेतो. व्हीयू३ मालिकेतली माझी खूण (प्रत्येक हॅमला मिळणारं ओळखनाव, कॉल साइन) आहे, रोज सकाळी चाळीस मीटरच्या शॉर्टवेव्ह पट्ट्यावर असतो.

लेमे नेब्रास्कातल्या ऑफट हवाई तळावर असताना त्याची हॅम खूण होती के०जीआरएल. मधला आकडा भाग दाखवतो : ० म्हणजे नेब्रास्का आणि आसपास. पुढे वॉशिंग्टनला गेल्यावर के४आरएफए आणि निवृत्तीनंतर कॅलिफोर्नियात डब्ल्यू६ईझेडव्ही. खुणांवरून बदल्यांचा नकाशा काढता येतो!

पण त्याचं खरं हॅमकाम म्हणजे सिंगल साइडबँड, एसएसबी. हे जरा समजावून सांगतो, कारण आजही आम्ही शॉर्टवेव्हवर बोलतो ते याच पद्धतीने.

साध्या एएम प्रक्षेपणात मधोमध एक वाहक लहर असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना आवाजाच्या दोन पट्ट्या. दोन्ही पट्ट्यांत मजकूर तोच. वाहक लहरीत तर मजकूर काहीच नाही, पण ट्रान्समीटरची ताकद सगळ्यात जास्त तीच खाते. पूर्ण मॉड्युलेशनला (वाहकावर आवाज पुरेपूर चढवला तरी) दोन तृतीयांश ताकद वाहकात जाते. म्हणजे एकाच मजकुराची दोन पत्रं एका जड लोखंडी पेटीत घालून पाठवायची आणि पेटीचं वजन गाडीने ओढत राहायचं. एसएसबीत पेटी फेकून देतात, एक पत्रही फेकतात, आणि सगळी ताकद उरलेल्या एका पत्रावर लावतात. लागणारी जागाही निम्मी, सुमारे ६ किलोहर्ट्झच्या ऐवजी ३. शिवाय दोन एएम स्टेशनं जवळ आली की वाहक एकमेकांवर आपटून जी कर्कश शिट्टी वाजते ती गेली.

अडचण एकच. फेकलेली वाहक लहर ऐकणाऱ्याला आपल्या रिसीव्हरमध्ये पुन्हा तयार करावी लागते आणि ती अचूक जागी बसवावी लागते. किंचित सरकली की माणूस बदकासारखा बोलतो. १९५० च्या दशकात एवढे स्थिर रिसीव्हर बनवणं हेच कठीण होतं. ते करून दाखवलं आयोवातल्या सीडर रॅपिड्सच्या आर्थर कॉलिन्सने. तोही हॅम. वयाच्या पंधराव्या वर्षी, १९२५ मध्ये, ग्रीनलंडकडे गेलेल्या मॅकमिलन मोहिमेशी घरच्या सेटवरून संपर्क राखणारा मुलगा म्हणून तो आधीच गाजला होता.

---

ध्रुवतारा

आणि इथे दोन्ही धागे जुळतात. १९४८ ते १९५७ लेमे स्ट्रॅटेजिक एअर कमांडचा प्रमुख होता, मुख्यालय ओमाहाजवळ ऑफट. विमानं उत्तर ध्रुवापर्यंत, पॅसिफिकपार पसरलेली. त्यांच्याशी आवाजात, खात्रीने बोलता यायला हवं होतं आणि त्या काळी उपग्रह नव्हते. लांबचा एकच रस्ता : आयनोस्फियरवर (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरावर) आपटून परत येणारी शॉर्टवेव्ह.

दलातली नेहमीची यंत्रणा मोर्स आणि एएमवर चालली होती. लेमे आणि त्याचा उपप्रमुख फ्रान्सिस ग्रिसवोल्ड, तोही हॅम (के०डीडब्ल्यूसी), हे दोघे मात्र घरी बसून हॅम बँडवर ऐकत होते की लहानशा ताकदीचे एसएसबीवाले कुठल्या कुठे पोचतात. १९५६ मध्ये सी-९७ विमानात कॉलिन्सचे हॅमसाठीचेच सेट बसवले, केडब्ल्यूएस-१ ट्रान्समीटर आणि ७५ए-४ रिसीव्हर, आणि ग्रिसवोल्ड ते घेऊन लांबच्या उड्डाणांवर गेला. दुसऱ्या टोकाला जमिनीवर हॅम मंडळी कान लावून. आर्क्टिकमध्ये ध्रुवीय प्रकाशाच्या काळात शॉर्टवेव्ह हमखास दगा देते, पॅसिफिकमध्ये अंतर फार. अशा उड्डाणांतून एसएसबीची खात्री पटली आणि कमांडने ते स्वीकारलं.

सैन्यातून हॅमकडे तंत्र येतं असं आपण नेहमी ऐकतो. दुसऱ्या महायुद्धातले उरलेले सेट घेऊन कितीतरी हॅम उभे राहिले, आपल्याकडेही. इथे प्रवाह उलटा वाहिला. छंद म्हणून रात्री जागणाऱ्यांच्या अनुभवावर एका अख्ख्या कमांडची दळणवळण पद्धत बदलली. मला या माणसाबद्दल लिहावंसं वाटलं त्याचं हे मुख्य कारण.

---

पारिजात_७२

लेख माहितीपूर्ण आहे, मेहनत दिसते. तरीही मला स्पष्ट विचारायचं आहे. ९-१० मार्च १९४५ च्या रात्री २७९ बी-२९ विमानांनी टोकियोवर आगलावे बॉम्ब टाकले. सुमारे १६ चौरस मैल शहर जळलं. मृतांचा अंदाज एक लाखाच्या आसपास सांगतात, दहा लाखांवर लोक बेघर. लाकूड आणि कागदाची घरं, कालव्यात उड्या मारून उकळत्या पाण्यात मेलेली माणसं. हा हुकूम ज्याचा, त्याच्या छंदाचं कौतुक आपण कशासाठी वाचायचं? पुढे हाच माणूस १९६८ मध्ये वर्णभेदाचा पुरस्कार करणाऱ्या जॉर्ज वॉलेसच्या जोडीने उपाध्यक्षपदासाठी उभा राहिला.

---

ध्रुवतारा

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर टाळणार नाही.

मला त्या रात्रीचं समर्थन करायचं नाही. करता येत नाही. रॉबर्ट मॅक्नमारा त्या काळी लेमेच्या हाताखाली आकडेमोडीचं काम करणारा अधिकारी होता. आपण युद्ध हरलो असतो तर आपल्यावर युद्धगुन्हेगार म्हणून खटला भरला असता असं लेमे स्वतः म्हणाल्याचं त्याने नंतर सांगितलं आहे. त्या खोलीत बसलेल्यांना काय चाललंय ते कळत होतं.

मला छळतं ते वेगळंच. १९३७ मध्ये एका अंशाची चूक सहन न होणारा हा माणूस. 'साधारण तिथेच कुठेतरी' हे शब्द ज्याच्या कामात बसत नव्हते. आणि १९४५ मध्ये उंचीवरच्या प्रचंड वाऱ्यांमुळे नेमके बॉम्ब पडत नाहीत म्हटल्यावर त्याने नेमकेपणाच सोडला, विमानं रात्री पाच ते नऊ हजार फुटांवर खाली आणली आणि लक्ष्य म्हणून अख्खी वस्तीच धरली. नॅव्हिगेटरला कायम वैरी असणारा वारा इथेही आहे. मला वाटतं, लेमे कळायचा तर नॅव्हिगेटर लेमे आधी कळायला हवा. त्याचं आकड्यांवरचं प्रेम दोन्हीकडे सारखंच आहे, आणि म्हणूनच ती रात्र जास्त भयानक वाटते. कौतुक करायचं ते 'रेक्स'चं आणि एसएसबीचं. ते मी मनापासून करतो. बाकीचं तुमच्यासारखंच मलाही पचत नाही.

---

पारिजात_७२

उत्तराबद्दल आभार. वॉलेसचा मुद्दा तसाच राहिला, पण बाकी तुमची भूमिका समजली. पूर्ण पटली असं नाही.

---

हिजलीकर

भारताशी असलेला संबंध कुणीच कसा आणला नाही? ऑगस्ट १९४४ ते जानेवारी १९४५ लेमे भारतात होता, खरगपूरला! तो प्रमुख असलेल्या विसाव्या बॉम्बर कमांडचं मुख्यालय हिजलीला, म्हणजे ब्रिटिशांच्या हिजली बंदिवान छावणीच्या इमारतीत. याच छावणीत १६ सप्टेंबर १९३१ ला पोलिसांनी गोळीबार करून संतोषकुमार मित्रा आणि तारकेश्वर सेनगुप्ता या दोन राजबंद्यांचा जीव घेतला होता. १९५१ मध्ये पहिली आयआयटी सुरू झाली तीही याच इमारतीत. मी तिथे शिकलो. त्या मनोऱ्याच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. राजबंद्यांचा इतिहास आम्हाला माहीत होता, पण बी-२९ चा हुकूम तिथून सुटायचा हे बहुतेक मुलांच्या गावीही नव्हतं.

बी-२९ चाकुलिया, दुधकुंडी, पियारडोबा या आसपासच्या धावपट्ट्यांवरून उडायची. हिमालय ओलांडून चीनमध्ये चेंगडूजवळ जायचं, तिथून जपानवर किंवा मांचुरियावर हल्ला. चीनमधलं पेट्रोलसुद्धा विमानांनीच डोंगरावरून न्यावं लागायचं, एका हल्ल्यामागे कितीतरी खेपा. लेमेला ही व्यवस्था पहिल्यापासून पटली नव्हती आणि शेवटी सगळं पॅसिफिकमधल्या मारियाना बेटांवर हललं.

आणखी एक योगायोग. ८ सप्टेंबर १९४४ ला लेमे स्वतः बी-२९ मधून आनशानच्या पोलाद कारखान्यावरच्या हल्ल्यात गेला. त्याच ८ सप्टेंबरला तिकडे एड्रियाटिक समुद्रात ब्रिटिश विमानांनी रॉकेटं मारून 'रेक्स' बुडवलं.

---

मीनल_त

बाप रे, शेवटच्या परिच्छेदाने अंगावर काटा आला.

---

खरखर

हिजलीकर, चीनच्या त्याच मोहिमेत रेडिओचा एक धागा आहे. बॉम्बरांना हवामान हवं आणि हवामान पश्चिमेकडून येतं. त्या बाजूचा मुलूख माओच्या लोकांकडे. लेमेने येनानला विमानाने माणसं आणि रेडिओ सामग्री पाठवून तिथून हवामानाच्या खबरा मिळवायची व्यवस्था केली. पुढे कम्युनिस्टांचा एवढा कट्टर वैरी झालेला माणूस त्या वेळी माओच्या गावातून येणाऱ्या संदेशांवर विमानं सोडत होता.

---

ओमाहावासी

इथून जवळच, ॲशलंडला, स्ट्रॅटेजिक एअर कमांडचं संग्रहालय आहे. बी-२९ आणि अवाढव्य बी-३६ एकाच छताखाली बघायला मिळतात. बी-३६ च्या पोटाखाली उभं राहिल्यावर एवढं धूड ध्रुवाकडे पाठवून त्याच्याशी बोलायचं कसं, हा प्रश्न किती मोठा असेल ते उमगतं. कमांडच्या तळांवर लेमेने हॅम क्लबांना उत्तेजन दिलं, हे इथली जुनी मंडळी आवर्जून सांगतात. तळांच्या धावपट्ट्यांवर मोटारींच्या शर्यती भरवू दिल्या तोही हाच. जवानांना रिकाम्या वेळात हाताने काहीतरी करायला मिळावं यावर त्याचा कटाक्ष होता.

---

खिडकीतला_नॅव्ह

ध्रुवतारा, तुम्ही विमानं विचारलीत. बराच काळ एएन-१२ वर काढला. रशियन मालवाहू विमान, चार इंजिनं आणि नॅव्हिगेटर बसतो ते नाकाच्या टोकाला, काचेच्या पिंजऱ्यात. पायलटच्याही पुढे. चंदिगडहून लेहला जाताना पायांखाली आणि दोन्ही बाजूंना नुसते डोंगर. खिंड कुठली, दरी कुठली, वळायचं कुठे, हे घड्याळ आणि डोळे दोन्ही वापरून सांगायचं. एकसारख्या दिसणाऱ्या दोन दऱ्यांतून चुकीच्या दरीत शिरलं तर पुढे परत फिरायला जागा नसते. ७ फेब्रुवारी १९६८ ला याच मार्गावरचं एक एएन-१२ खराब हवेमुळे चंदिगडकडे परत फिरलं आणि हरवलं. आत १०२ जण होते. पस्तीस वर्षांनी, २००३ मध्ये, गिर्यारोहकांना बर्फात पहिले अवशेष मिळाले. आमच्या पिढीला त्या विमानाची आठवण आल्याशिवाय तो मार्ग उडता आला नाही.

कॅनबरा या बॉम्बर विमानावर माझे मित्र होते. हे विमान आपल्याकडे १९५७ पासून २००७ पर्यंत चाललं. त्याच्या बी(आय)५८ प्रकारात पायलटला इजेक्शन सीट होती, नॅव्हिगेटरला नव्हती. बॉम्ब टाकायच्या वेळी तो नाकात पालथा झोपून खाली बघत असायचा. विमानाला काही झालं तर पॅराशूट लावून दारापर्यंत जायचं आणि उडी घ्यायची, तेही खालच्या उंचीवर वेळ मिळाला तर. दोघांपैकी एकालाच सीट आहे हे माहीत असताना रोज त्या विमानात चढणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांची नावं पेपरात फार कमी आली. शौर्यकथा पायलटांच्या लिहिल्या जातात.

फोटो टेहळणीच्या कॅनबरात दोघांनाही सीट होत्या. १० एप्रिल १९५९ ला रावळपिंडीजवळ पाकिस्तानी सेबर लढाऊ विमानाने आपलं असं एक कॅनबरा पाडलं, तेव्हा पायलट सेनगुप्ता आणि नॅव्हिगेटर रामपाल दोघेही वाचले.

पारिजातताई, तुमच्या प्रश्नाबद्दल एवढंच. नॅव्हिगेटर विमान नेऊन पोचवतो आणि पुढचं दुसऱ्या कुणाचं काम, असं म्हणून आमच्यातल्या कुणालाही हात झटकता येत नाहीत. लेमेने ते कधी झटकलेही नाहीत, हुकूम माझा होता असंच तो म्हणत आला. बरं की वाईट ते तुम्ही ठरवा.

---

पारिजात_७२

काका, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल मनापासून आभार. आणि कॅनबराबद्दल हे माहीत नव्हतं. वेगळा धागा काढाच.

---

सोनचाफा

नॅव्हिगेटर ही शाखा आता उरली आहे का? माझा मुलगा बारावीला आहे, हवाई दलात जायचं म्हणतो, चष्मा आहे.

---

खिडकीतला_नॅव्ह

जुन्या अर्थाने संपत आली. आधी इनर्शियल यंत्रणा (विमानाची हालचाल स्वतःच मोजून जागा सांगणारी) आली, मग जीपीएस. एएन-३२ मध्ये नॅव्हिगेटर असतो, पण सी-१३०जे सारख्या नव्या विमानात ती खुर्चीच नाही. सुखोई-३० च्या मागच्या सीटवर वेपन सिस्टिम ऑपरेटर असतो, तो आमचा वारस म्हणा. २०२२ मध्ये हवाई दलाने वेपन सिस्टिम्स अशी स्वतंत्र शाखाही जाहीर केली. दृष्टीचे निकष शाखेनुसार वेगळे असतात, ते ताज्या जाहिरातीतच पाहा. ऐकीव माहितीवर मुलाचं ठरवू नका.

---

सोनचाफा

धन्यवाद काका. आणि हॅमचं? त्यालाही रेडिओत रस आहे, पण मोबाइलच्या जमान्यात त्याचा उपयोग काय असं घरात सगळे विचारतात.

---

खरखर

उपयोग विचारणाऱ्यांना २००४ चा डिसेंबर सांगा. भारती प्रसाद (व्हीयू२आरबीआय) हॅम मोहीम घेऊन पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या, जगभरच्या हॅमना अंदमानशी संपर्क मिळावा एवढ्याच हौसेसाठी. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन गेले आणि त्याच मोहिमेच्या सेटवरून बेटांवरच्या बातम्या बाहेर आल्या. किल्लारीच्या भूकंपात, १९९३ मध्ये, आपल्या लोकांनीही असंच काम केलं. टॉवर पडले, वीज गेली, तरी कारची बॅटरी आणि दोन झाडांना बांधलेली तार यांवर एसएसबी चालतं. वाहक लहर फेकून दिल्याचा फायदा तिथे कळतो, कारण बॅटरी आवाजावरच खर्च होते.

मुलाचं वय बारापेक्षा जास्त आहे, म्हणजे परीक्षेला बसता येईल. केंद्राच्या दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा ती घेते. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन श्रेणी आहेत, अभ्यास रेडिओचं तंत्र आणि नियम यांचा. बारावीचं भौतिकशास्त्र नीट झालं असेल तर पहिली श्रेणी जड नाही.

तोवर त्याला नुसतं ऐकू दे. नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर ब्राउझरमध्ये उघडतो, पैसे लागत नाहीत. ७.१ मेगाहर्ट्झच्या आसपास जायचं, एलएसबी निवडायचं (१० मेगाहर्ट्झच्या खाली खालची पट्टी वापरायची असा हॅमचा रिवाज) आणि माणसाचा आवाज माणसासारखा येईपर्यंत आकडा हळूहळू सरकवायचा. आपल्या रात्री, म्हणजे तिकडच्या संध्याकाळी, युरोप भरपूर मिळेल. भारतातली बोलणी ऐकायची तर एसएसबी असलेला छोटा रिसीव्हर घ्या. विकत घेताना खोक्यावर एसएसबी लिहिलंय ना ते बघा. नुसत्या शॉर्टवेव्ह रेडिओवर आम्ही बदकंच वाटणार.

---

ध्रुवतारा

सोनचाफाताई, मुलाला खरखर यांच्या खाली थेट प्रश्न विचारू द्या, इथे उत्तरं मिळतील. नॅव्ह काका, पारिजात म्हणतात तसा कॅनबराचा धागा खरंच काढा. हिजलीकर, संग्रहालयात बी-२९ च्या काळातलं काही मांडलेलं असेल तर पुढच्या भेटीत फोटो टाका.